युजर कुठे राहतो?

खरं सांगायचं तर मला डहाणूला जायचं होतं ते चिकूसाठी.

जानेवारीतली गुलाबी थंडी, शांत समुद्र, चिकूच्या वाड्या, भिंतींवर वारली चित्रं काढलेला एखादा होमस्टे... 'वीकएंडला डहाणू' असा झक्कास लेख डोक्यात तयार होता. फोटोंची जागासुद्धा ठरलेली. तेवढ्यात ज्युनियर कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला. "अगं, मीही पोरांना घेऊन तिकडेच चाललेय. डहाणूला उतरून पुढे तलासरीला. येतेस?"

या मैत्रिणीची ओळख करून द्यायला हवी. बारावीनंतर मी मास कॉमकडे पळाले, ती गेली कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला. मग आयटी कंपनीत चार वर्षं. पॅकेज-बिकेज एकदम सही. आणि एक दिवस राजीनामा देऊन बाईसाहेब मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायला लागल्या. घरच्यांचा धक्का अजून ओसरलेला नाही. ती शिकवते काय, तर सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसापासून सुरुवात करून डिझाइन कसं करायचं. इंडस्ट्रीच्या भाषेत 'युजर सेंटर्ड डिझाइन'.

"म्हणजे बटणांचे रंग वगैरे ना?" मी विचारलं.

फोनवर चार सेकंद शांतता. मग म्हणाली, "तू येच."

आता मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण आयटीत आहात. 'युजर' हा शब्द मीटिंगमध्ये दिवसातून पन्नास वेळा तुमच्या तोंडी येत असणार. 'युजरला हे आवडेल', 'युजर इथे कन्फ्यूज होईल'. आठवून बघा, शेवटचा युजर प्रत्यक्ष कधी पाहिला होता? क्लायंटचा मॅनेजर धरायचा नाही हं!

ही गंमत आजची नाही. १९८५ साली आयबीएममधल्या जॉन गोल्ड आणि क्लेटन लुइस या दोघांनी एक पेपर लिहिला. त्यांचा फंडा तीन ओळींचा. एक, पहिल्या दिवसापासून वापरणाऱ्या माणसाकडे आणि त्याच्या कामाकडे बघा. दोन, खऱ्या माणसांच्या हातात देऊन मोजून पाहा. तीन, चुकलेलं दुरुस्त करा आणि पुन्हा तपासा. साधं आहे ना? पण सिस्टिम बनवणाऱ्या चारशेहून अधिक लोकांना त्यांनी विचारलं की, तुमच्या मते डिझाइनच्या मुख्य पायऱ्या कोणत्या, तेव्हा हे तिन्ही मुद्दे लिहिणारे अगदी थोडे निघाले. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांच्या पुस्तकामुळे 'युजर सेंटर्ड' हे नाव रुळलं. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या २०१२ च्या अभ्यासक्रमात शेवटच्या सेमिस्टरला 'ह्यूमन मशीन इंटरॅक्शन' असा अख्खा पेपरच होता. पण विषय आला की पाठोपाठ नोट्स येतात, नोट्स आल्या की 'व्याख्या द्या, पाच गुण' येतं. माणूस अभ्यासक्रमात आला खरा, पण तो पाच मार्कांपुरताच.

मैत्रिणीचा वैताग तोच होता. म्हणून ही सहल.

पहाटेची विरार-डहाणू लोकल. ही २०१३ पासून धावते. सात पोरं-पोरी, सात सॅका आणि एकही लॅपटॉप नाही. लॅपटॉप कॉलेजात ठेवायची सक्ती होती. त्याऐवजी प्रत्येकाकडे कोरे कागद, पेन्सिल, कात्री. मुलांचे चेहरे उपास घडल्यासारखे. वर्गात त्यांनी एक अ‍ॅप आखलं होतं, लहान बाळांच्या लसीची आठवण करून देणारं. अंगणवाडी सेविकेने बाळाची जन्मतारीख टाकायची. मग सहा आठवडे, दहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने अशा तारखा आपोआप लागणार आणि आईच्या मोबाइलवर मेसेज जाणार. दिसायला एकदम कूल. लॉगिनला ओटीपी, गुलाबी रंग, कोपऱ्यात हसरं बाळ.

गाडीत मैत्रिणीने सगळ्यांना मोबाइल काढायला लावले. "मराठीत 'प्रकृती' टाइप करा." कुणी इंग्रजी स्पेलिंग करून मराठी उमटवत होतं, कुणी अक्षरं शोधत होतं. मग तिने 'स्वरचक्र' दाखवलं. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या विभागात, प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने बनवलेला हा कीबोर्ड २०१३ मध्ये आला. त्यात क, ख, ग, घ अगदी पहिलीतल्या तक्त्याच्या क्रमाने. अक्षरावर बोट टेकवलं की भोवती का, कि, की, कु यांचं चक्र उमलतं, हव्या त्या बाजूला बोट सरकवायचं. "हा क्रम कुठून आला?" तिने विचारलं. "माणसाच्या डोक्यात आधीपासून काय आहे, ते बघितल्यावर आला. जी बाई मराठी शाळेत शिकली तिला हा तक्ता पाठ आहे. इंग्रजी कीबोर्डचा क्रम तिला कोणी शिकवला?"

डहाणू रोडला उतरून एसटीने तलासरी. गुजरातची हद्द इतकी जवळ की तलासरी सोडून पाड्याच्या वाटेला लागलो तसे सगळ्यांचे फोन टुंग करून 'गुजरातमध्ये आपलं स्वागत आहे' म्हणायला लागले. आम्ही उभे महाराष्ट्रात. मुलं खिदळली. मैत्रीण म्हणाली, "हसू नका, लिहून घ्या."

पाड्यावरच्या अंगणवाडीत पहिलं काम होतं, एक तास नुसतं बघायचं. प्रश्न विचारायचे नाहीत, अ‍ॅपचं नाव काढायचं नाही. कोपऱ्यात बसायचं आणि दिसेल ते लिहायचं. मुंबईच्या पोरांना एक तास गप्प बसवणं म्हणजे काय, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तासाने वह्या तपासल्या. एकाने लिहिलं होतं, 'सेविका ताई खूप फ्रेंडली आहेत.' मैत्रिणीने वही परत केली. "हे निरीक्षण नाही, सर्टिफिकेट आहे." दुसऱ्या मुलीच्या वहीत एकच ओळ होती. 'ताईंनी तासाभरात चार वेळा रजिस्टर उघडलं. चारही वेळा एका कडेवर मूल होतं.' त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली गेली. म्हणजे अ‍ॅप एका हाताने चालायला हवं. मुलांच्या स्क्रीनवर तर अकरा चौकटी भरायच्या होत्या.

मग प्रश्नांचा तास. आईचा मोबाइल नंबर? ताईंनी सांगितलं, बहुतेक घरांत एकच फोन, आणि तो नवऱ्याकडे. नवरा वापीला किंवा उंबरगावला कंपनीत. म्हणजे बाळाच्या लसीचा मेसेज जाणार वापीला, शिफ्टमध्ये उभ्या असलेल्या बापाच्या खिशात. ओटीपीचंही तेच. गुलाबी अ‍ॅपचं पहिलंच पान तिथे गळून पडलं. सॉलिड लोच्या!

तिसरी पायरी सगळ्यात भारी होती. कागदी अ‍ॅप. प्रत्येक स्क्रीन एका कागदावर काढलेली. एक मुलगा 'कॉम्प्युटर' झाला. ताईंनी कागदावरच्या बटणावर बोट ठेवायचं, त्याने तो कागद उचलून पुढचा ठेवायचा. बाकीच्यांनी बघायचं. नियम एकच, ताई अडल्या तर समजावून सांगायचं नाही. कारण मुंबईत बसून तुम्ही प्रत्येकीच्या कानात सांगायला येणार नाही.

कॉम्प्युटर झालेला मुलगा वर्गातला टॉपर. सकाळपासून 'यात कोडिंग कुठे आहे, मॅम?' म्हणून नाराज. ताईंनी कागद समोर घेतला, बोट जिभेला लावलं आणि रजिस्टरचं पान उलटावं तसा कोपरा उलटायला गेल्या. त्याला राहवेना. "ताई, तसं नाही, खाली बटण..." मैत्रिणीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो गप्प.

तिकडून एकाने शंका काढली, "मॅम, पण आपण फक्त पाच जणींना भेटणार. एवढं लहान सॅम्पल?" उत्तर तयार होतं. वापरायला सोपं आहे की नाही, हे तपासण्याच्या क्षेत्रातलं मोठं नाव म्हणजे जेकब नील्सन. त्याने २००० साली हिशेब मांडला की एक माणूस साधारण ३१ टक्के अडचणी उघड्या पाडतो, आणि पाच जणांपर्यंत पोचेस्तोवर ८५ टक्क्यांच्या आसपास हाती लागतात. पुढचे बरेचसे तेच तेच सांगतात. त्यामुळे एकदाच पंचवीस माणसं गोळा करण्यापेक्षा पाच-पाच जणांकडे जावं आणि प्रत्येक वेळी सुधारून पुन्हा जावं.

आणि मग आला तो कागद. शेवटची स्क्रीन. वर लाल पट्टी, पट्टीत शब्द 'डिफॉल्टर', खाली लस चुकलेल्या बाळांची यादी. मुलांना ही स्क्रीन फार आवडली होती. बघताक्षणी कळतं ना, कोण राहिलंय!

ताईंनी यादी वाचली. मग विचारलं, "हे लाल म्हणजे काय, दादा?"

"लस चुकवली त्यांनी, ताई."

"चुकवली नाही." त्यांनी आपलं रजिस्टर उघडलं. चार नावांपुढे पेन्सिलीने बारीक गोल केलेला. "ही जगायला गेलेत."

'जगायला जाणं'. या भागात हा रोजचा शब्द आहे. दिवाळीनंतर शेतातलं काम संपतं आणि कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर, मिळेल त्या कामाला बाहेर पडतात. लहान पोरं बरोबर. काही होळीला येऊन जातात, बाकीची पावसाच्या तोंडावर परततात. या सगळ्याला पेन्सिलीचा एक गोल पुरत होता, आणि मुलांच्या अ‍ॅपात त्यासाठी जागाच नव्हती. तिथे दोनच पर्याय होते, 'दिली' आणि 'चुकली'.

"मग ताई, तुम्हाला इथे काय हवं?" टॉपरने विचारलं. दिवसभरातला त्याचा पहिला खरा प्रश्न.

ताईंनी जरा विचार केला. "कार्ड बरोबर नेलं का, तेवढं लिहायला पाहिजे. कार्ड असलं की तिकडच्या दवाखान्यात पण लस देतात. मी जाताना प्रत्येकीला सांगते, भांडी राहिली तर राहू दे, कार्ड घे. पण कोणी नेलं, कोणाचं घरात राहिलं, ते लक्षात ठेवावं लागतं."

लक्षात ठेवावं लागतं! अहो, अख्ख्या अ‍ॅपचं काम या एका वाक्यात होतं. सहा महिने एसी लॅबमध्ये बसून ते सापडलं नसतं.

टॉपरने नवा कागद घेतला. लाल पट्टी गेली, तिसरं बटण आलं. त्यावर त्याने लिहिलं, 'स्थलांतरित'. ताई म्हणाल्या, "हा शब्द साहेबांच्या फॉर्मवर असतो." त्याने खोडलं. 'बाहेरगावी' लिहिलं. ताई हसल्या. "बाहेरगावी तुम्ही जाता. फिरायला."

मी माझ्या होमस्टेच्या लेखाबद्दल त्या क्षणी काहीच बोलले नाही.

शेवटी बटणावर लिहिलं गेलं, 'जगायला गेले'. त्याखाली दोन बारीक चौकटी, 'कार्ड नेलं' आणि 'कार्ड घरी'. बस्स.

तुम्ही म्हणाल, पोरांच्या कागदी खेळाचं एवढं काय कौतुक? तर २०२१ आठवा. केंद्र सरकारचं 'पोषण ट्रॅकर' हे अ‍ॅप अंगणवाडी सेविकांच्या हाती आलं. ते इंग्रजीत होतं. वापरायच्या मराठी बायका. त्यात आधी मिळालेले सरकारी फोन तापायचे, अडकायचे. महाराष्ट्रातल्या सेविकांनी काय केलं? फोन गोळा करून सरकारला परत केले. मराठीची मागणी मुंबई हायकोर्टापर्यंत गेली. पुढे अ‍ॅपमध्ये मराठी आली, हे खरंच. पण जी गोष्ट पहिल्या दिवशी एका सेविकेशेजारी बसून अर्ध्या तासात कळली असती, त्यासाठी मोर्चे आणि कोर्ट लागलं.

आणि यातली खरी चुटपुट पुढे आहे. परतताना मैत्रिणीने वाट वाकडी करून आम्हाला कोसबाडच्या टेकडीवर नेलं. 'अंगणवाडी' हा शब्दच मुळी याच डहाणू तालुक्यातला! १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या. हरिजनवाड्यातली मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती. बायांनी असं नाही म्हटलं की पालकांमध्ये जागृती नाही. बालवाडीच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेऊन बसवली. ती अंगणवाडी.

१९५७ साली काम कोसबाडला हललं. इथे मुलं गुरांमागे रानात. मग शाळा कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा. मोठी मुलगी शाळेत येईना, कारण कडेवर धाकटं भावंडं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, ती विकासवाडी. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं घेऊन साधनं केली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. पण मला त्या टेकडीवर उभं राहून वाटत होतं की या बायकांना कुठल्याही आयटी कंपनीने डिझाइन हेड म्हणून डोळे मिटून घ्यावं. गोल्ड आणि लुइस यांच्या पेपरच्या चाळीस वर्षं आधी त्यांनी तिन्ही ओळी करून दाखवल्या होत्या, बघितलं, करून पाहिलं, बदललं.

ज्या तालुक्याने देशाला अंगणात जायला शिकवलं, त्याच्याच शेजारच्या तालुक्यातल्या सेविकेच्या हातात आपण अंगण न बघता बनवलेलं अ‍ॅप देतो. काय म्हणावं?

टेकडीवरून उतरताना मैत्रीण जरा गप्प होती. खोदून विचारल्यावर बोलली. या फेरीला टाइमटेबलमध्ये जागा नाही, रविवार खर्ची घालावा लागतो. कॉलेजात वरून विचारणा होते की प्रोजेक्टचं आउटपुट काय. "आउटपुट म्हणजे त्यांना चालणारा कोड हवा. मी काय दाखवू, एक खोडलेला कागद?" तिचं काँट्रॅक्ट दरवर्षी नव्याने होतं. ती काळजी निराळी. मी तिला धीराचं काहीतरी बोलले. ते किती पोचलं कोण जाणे.

परतीच्या लोकलमध्ये खिडकीशी बसून मला आमचं मास कॉमचं पहिलं वर्ष आठवलं. सर फळ्यावर लिहायचे, 'नो युवर रीडर'. आम्ही वहीत उतरवायचो, 'वय २५ ते ३५, शहरी, नोकरदार'. पाच मार्क. सात वर्षं लिहितेय मी, पण शेजारी बसून कुणाला माझा लेख वाचताना पाहिलंय? कुठल्या ओळीला तो पान उलटतो, कुठे जांभई देतो? एकदाही नाही. मग हसायचं कुणाला, टॉपरला?

तर बॉस, तुमच्यासाठी छोटासा होमवर्क. तुमचा युजर तलासरीतच असेल असं नाही. तो तुमच्या कंपनीच्या लीव्ह सिस्टिमशी झगडणारा ऑफिसबॉय असेल, बँकेच्या अ‍ॅपसमोर चष्मा पुसणारे तुमचे बाबा असतील. एक दिवस त्याच्या शेजारी बसा. त्याला अडू द्या. आणि तोंड मिटून ठेवा. हे तिसरं सगळ्यात कठीण आहे, मी बाबांवर ट्राय केलंय.

चिकू? आणले की! स्टेशनजवळून, टोपली भरून. 'वीकएंडला डहाणू' मात्र अजून लिहून झालेला नाही.

होळीनंतर मैत्रिणीने ताईंना फोन केला होता. पेन्सिलीच्या गोलातली चारांपैकी तीन कुटुंबं सणाला पाड्यावर येऊन गेली. तिन्ही बाळांच्या कार्डावर तिकडच्या दवाखान्याची नोंद होती. यात आमच्या अ‍ॅपचा वाटा शून्य, ते अजून कागदावरच आहे. ताईंनी जाताना हातात दिलेली ती कार्डं. चौथं कुटुंब मात्र अजून आलेलं नाही. त्यांचं कार्ड घरातच राहिलंय, असं ताई म्हणाल्या.